जुना संगणक घरात राहू द्या, पण पैशाची कामं त्यावर नको



ऑक्टोबर २०२५ पासून संगणकाबद्दल एकच प्रश्न फिरून फिरून विचारला जातोय. "आमच्याकडे विंडोज १० आहे, आता त्याचं काय करायचं?" कोणाला दुकानदाराने सांगितलं की मशीन भंगारात द्या आणि नवीन घ्या. कोणाच्या पुतण्याने सांगितलं की काही होत नाही, चालतंय तोवर चालवा. दोघांच्याही बोलण्यात अर्धंच खरं आहे. म्हणून या महिन्याचं सदर याच विषयाला देऊ या.

बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी, कुठेही जा. मराठी घरात एक जुना डेस्कटॉप किंवा लॅपटॉप असतोच. मुलगा नोकरीला नागपूरला किंवा पुण्याला गेला आणि त्याचा कॉलेजातला संगणक घरी राहिला. त्यावर आजोबा बँकेतलं खातं बघतात, सूनबाई मुलांच्या परीक्षांचे फॉर्म भरते, नातू सीपीसीटीच्या टायपिंगचा सराव करतो, आणि धान खरेदीच्या वेळी नोंदणीचे कागदही त्यावरच स्कॅन होतात. मशीन चालू आहे, प्रिंटर चालू आहे, मग बदलायचं कशाला? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर द्यायच्या आधी ‘मुदत संपली’ म्हणजे नेमकं काय झालं, ते समजून घेऊ.

मुदत संपते म्हणजे काय?

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणक चालवणारा मूळ प्रोग्राम. लाखो ओळींच्या या प्रोग्राममध्ये चुका राहतातच. त्यातल्या काही चुका अशा असतात की बाहेरचा माणूस त्यातून आत शिरू शकतो. अशी चूक सापडली की कंपनी तिच्यावर ठिगळ लावते आणि ते अपडेट म्हणून आपल्याकडे पाठवते. कंपनी हे काम ठरावीक वर्षंच करते. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीसाठी ते ८ एप्रिल २०१४ ला थांबवलं, विंडोज ७ साठी १४ जानेवारी २०२० ला, विंडोज ८.१ साठी १० जानेवारी २०२३ ला आणि विंडोज १० साठी १४ ऑक्टोबर २०२५ ला.

आपल्याकडे कौलारू घरांचे कवेलू पावसाळ्याआधी फेरतात. एखाद्या वर्षी फेरणारा आला नाही म्हणून घर पडत नाही. पण प्रत्येक पावसाळ्यात गळणाऱ्या जागा वाढत जातात. मुदत संपलेल्या संगणकाचं तसंच आहे. तो १५ ऑक्टोबरच्या सकाळीही नेहमीसारखाच सुरू झाला. फक्त त्यानंतर सापडलेली भोकं बुजवायला कोणी येणार नाही.

यात आणखी एक मेख आहे. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा भाग सारखा आहे. विंडोज ११ साठी नवीन ठिगळ आलं की चोर ते उलगडून बघतात आणि भोक कुठे होतं ते ओळखतात. मग तेच भोक जुन्या विंडोजमध्ये उघडं आहे का, ते तपासतात. म्हणजे नव्या संगणकाची दुरुस्ती हाच जुन्या संगणकाचा पत्ता ठरतो.

"पण आमच्याकडे अँटिव्हायरस आहे ना?" असावाच. पण अँटिव्हायरस हा दारावरचा राखणदार आहे. तो ओळखीच्या चोराला अडवतो. मागच्या भिंतीला पडलेलं भगदाड बुजवणं हे त्याचं काम नाही.

२०१७ साली काय घडलं

हे सगळं ऐकायला दूरचं वाटतं, म्हणून एक खरी गोष्ट. १२ मे २०१७, शुक्रवार. ‘वॉनाक्राय’ नावाचा एक प्रोग्राम जगभर पसरला. तो संगणकातल्या फायलींना कुलूप लावायचा आणि किल्लीसाठी ३०० डॉलर मागायचा. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. आपल्या देशात आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणक अडकले. सुमारे १५० देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांना त्याचा फटका बसला, असं युरोपच्या पोलीस यंत्रणेने तेव्हा सांगितलं. कोणी चुकीच्या लिंकवर बोट ठेवायचीही गरज नव्हती. विंडोजमधल्या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीत एक भोक होतं. त्यातून तो एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप शिरत होता.

आता यातली खरी मेख बघा. मायक्रोसॉफ्टने त्या भोकावरचं ठिगळ १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी दिलं होतं. नंतर कॅस्परस्की या कंपनीने तपासलं, तेव्हा बाधित संगणकांपैकी बहुतेक सगळे विंडोज ७ वाले निघाले. त्या वेळी विंडोज ७ ची मुदत संपलेलीही नव्हती! अपडेट आलं होतं, पण लोकांनी घेतलंच नव्हतं. एक्सपीची मुदत संपून तीन वर्षं झाली होती, तरी प्रकरण इतकं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक्सपीसाठीही ठिगळ काढलं. असा अपवाद दर वेळी होत नाही.

महिना-दीड महिन्यात, २७ जून २०१७ ला, ‘नॉटपेट्या’ नावाचं दुसरं संकट आलं. त्याने तेच भोक वापरलं आणि सोबत चोरलेल्या पासवर्डांच्या युक्त्याही. त्यात मर्स्क ही मोठी जहाज कंपनी अडकली आणि तिच्या समूहाकडून चालवलं जाणारं मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरातलं गेटवे टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर हलवण्याचं काम हाताने करायची वेळ आली. म्हणजे दूर युक्रेनमध्ये सुरू झालेलं दुखणं एका दिवसात आपल्या जेएनपीटीच्या दारात पोचलं. बंदराजवळ मोठी माणसं, मोठा पैसा आणि मोठी यंत्रणा होती. आपल्या घरातल्या संगणकाजवळ फक्त आपण असतो.

रिझर्व्ह बँकेने एटीएमबद्दल काय सांगितलं?

आपल्यासाठी सगळ्यात उपयोगाचं उदाहरण मात्र एटीएमचं आहे. एक्सपीची मुदत २०१४ ला संपली, तरी देशातली बरीच एटीएम त्यावरच चालत होती. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना वेळापत्रकच बांधून दिलं. सप्टेंबर २०१८ पर्यंत जुनी एटीएम किमान पाव बदला, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जून २०१९ पर्यंत सगळी.

पण बदल होईपर्यंत काय? त्याचंही सांगितलं होतं. ऑगस्ट २०१८ पर्यंत बायोसला पासवर्ड लावा, यूएसबी बंद करा, बाहेरून लावलेल्या वस्तूवरचा प्रोग्राम आपोआप सुरू होणं बंद करा. आणि त्यानंतर ठरवून दिलेले प्रोग्रामच चालतील, दुसरा एकही चालणार नाही, अशी सोय करा.

याचा अर्थ लक्षात घ्या. देशाच्या सगळ्यात मोठ्या बँकेनेही ‘उद्याच फेकून द्या’ असं म्हटलं नाही आणि ‘चालतंय तोवर चालू द्या’ असंही म्हटलं नाही. तिने म्हटलं, दारं बंद करा, कामं मोजकी ठेवा आणि तारीख ठरवून बदला. घरच्या संगणकाला यापेक्षा चांगला नियम नाही.

आपला संगणक जुना का राहतो?

आळसामुळे, असं म्हणणं सोपं आहे. पण आपल्या भागात कारणं खरी आहेत.

पहिलं कारण फॉन्ट. आपण घरात मराठी बोलतो, बाजारात हिंदी, आणि की-बोर्डवर आहे कृतिदेव. महाराष्ट्रातून आलेलं काम असेल तर श्रीलिपी. लग्नपत्रिका, सूचनापत्रं, स्मरणिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडे आजही पेजमेकर असतो, ज्याची शेवटची ७.० आवृत्ती २००१ सालची आहे. वीस वर्षांच्या फायली त्यातच अडकलेल्या आहेत. काहींचा फॉन्ट डोंगल लावल्याशिवाय उघडत नाही आणि तो डोंगल नवीन विंडोज ओळखत नाही.

दुसरं कारण जुना प्रिंटर, स्कॅनर किंवा हिशोबाचा जुना प्रोग्राम. तिसरं कारण पैसा. चौथं कारण कोणी मोठ्याने बोलत नाही. संगणक घेतला तेव्हा दुकानातच कुणाची तरी विंडोज टाकून दिलेली असते, लायसन्स नसतं. ती चालू राहावी म्हणून एखादं ‘ॲक्टिव्हेटर’ टाकलेलं असतं. शिवाय "अपडेट बंद करून दिलंय, नेट कमी खाईल" असं उपकारासारखं सांगितलेलं असतं. अशा संगणकावर विंडोजची मुदत संपली नसली, तरी त्याच्यापुरती ती पहिल्याच दिवशी संपली. आणि ते फुकटचं ॲक्टिव्हेटरच बऱ्याचदा चोराला आत घेऊन येतं.

आधी ओळख, मग निर्णय

की-बोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि आर एकत्र दाबा. जी चौकट उघडेल तिच्यात डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर ही सहा अक्षरं टाइप करून एंटर दाबा. कोणती विंडोज आहे ते समोर येईल. मग खालीलपैकी आपला गट शोधा.

*पहिला गट : विंडोज १०, पण मशीन तसं नवं.* साधारण २०१८ नंतरचं मशीन असेल, म्हणजे इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर किंवा त्यापुढचा, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि किमान ४ जीबी रॅम असेल, तर ते विंडोज ११ ला बहुधा चालतं. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे फुकट ॲप तपासून सांगतं. चालत असेल तर विंडोज १० वरून ११ वर जायला पैसे लागत नाहीत. जुन्या मशीनवर जबरदस्तीने विंडोज ११ बसवायच्या युक्त्या यूट्यूबवर भरपूर आहेत. पण तशा मशीनला पुढची अपडेट मिळतील याची हमी नाही, असं मायक्रोसॉफ्टच सांगते. ज्या गोष्टीसाठी खटाटोप करायचा तीच मिळणार नसेल, तर खटाटोप कशाला?

*दुसरा गट : विंडोज १०, मशीन विंडोज ११ ला न चालणारं.* घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत जाहीर केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्ज त्या खात्यात जमा करायला परवानगी दिली तर नोंदणी फुकट होते. नाहीतर ३० डॉलरइतकी रक्कम किंवा मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड पॉइंट. ही सोय म्हणजे तोडगा नाही, फक्त सवड आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली तशी. त्या सवडीत पुढची तयारी करायची.

*तिसरा गट : विंडोज एक्सपी, ७ किंवा ८.* यांच्यासाठी घरगुती वापरकर्त्याला कसलंही अपडेट मिळत नाही. हा संगणक नेटवरून उतरवायचा. लॅनची वायर काढा, वाय-फाय बंद करा आणि त्याला टायपिंग, जुन्या फायली, गाणी, प्रिंट एवढ्याच कामाला ठेवा. डीटीपीवाल्या मित्रांनो, तुमचा पेजमेकर असाच वर्षानुवर्षं सुखाने चालेल. सीपीसीटीचा सराव करणाऱ्या मुलांचंही अडत नाही, टायपिंगला नेट लागत नाही.

याच गटातल्या मशीनला दुसरं आयुष्यही देता येतं, ते लिनक्सचं. लिनक्स मिंटसारखी हलकी प्रणाली फुकट मिळते आणि तिची अपडेट नियमित येतात. मशीन ६४-बिट असावं, रॅम किमान २ जीबी, ४ असेल तर बरं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ ही प्रणाली बनवली आहे. केरळच्या सरकारी शाळांमध्ये मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकतात, म्हणजे ही फक्त इंजिनिअर लोकांची गोष्ट नाही. पेन ड्राइव्हवरून सुरू करून, आतलं काहीही न पुसता, आधी चालवून बघता येतं. प्रिंटर आणि स्कॅनर त्याच वेळी तपासून घ्या. हिशोबाचा विंडोजवरचा प्रोग्राम किंवा डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल, तर मात्र लिनक्सवर जायच्या आधी जाणत्या माणसाला विचारा. तिथे अडचण येते.

जुन्या फायली बाहेर काढा

कुठलाही बदल करायच्या आधी दोन कामं. एक, सगळ्या महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि प्रत घेऊन झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम लावून ठेवलेली डिस्क म्हणजे प्रत नव्हे, कुलूप लावणारा प्रोग्राम तिलाही कुलूप लावतो. आईबाबांच्या लग्नाचे फोटो, शेतीचे कागद, मुलांच्या मार्कशीट, या गोष्टी पैसे देऊन परत मिळत नाहीत.

दोन, कृतिदेव आणि श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी आपली अक्षरं काढलेली असतात. फॉन्ट नसेल तर वाचताना नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. बदललेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घाला. जोडाक्षरं, आकडे, कंस आणि विशेषतः आपला ‘ळ’ आणि ‘ऱ्या’ मधला र बिघडतो. एक पथ्य पाळा. जमिनीचे किंवा बँकेचे कागद कुठल्याही अनोळखी वेबसाइटवरच्या कन्व्हर्टरला देऊ नका. युनिकोड झालं की जुन्या मशीनला धरून बसायचं मोठं कारणच संपतं. विंडोज १० आणि ११ मध्ये मराठीचा फोनेटिक की-बोर्ड आतच असतो. आई ‘नमस्कार’ तसाच इंग्रजी उच्चाराने टाइप करेल आणि तो मराठीत उमटेल.

तोवर नेटवर न्यावाच लागला तर

नवीन संगणक दिवाळीला घ्यायचा आहे आणि आज फॉर्मची शेवटची तारीख आहे, असं होतंच. अशा वेळी ही पथ्यं पाळा.

१. बँक, यूपीआय, डीमॅट, आयकर, मुख्य ई-मेल, यातलं काहीही जुन्या मशीनवर उघडायचं नाही. आधी उघडलं असेल तर तिथून लॉग आउट करा, ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड पुसा आणि चांगल्या मशीनवरून किंवा फोनवरून ते बदला. ई-मेलला यादीत मुद्दाम घेतलंय, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलायची किल्ली ई-मेलमध्येच असते.

२. ब्राउझर बघा. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, ते फेब्रुवारी २०२३ पासून अडकलेलं आहे. फायरफॉक्सने आपली ११५ ईएसआर ही आवृत्ती या जुन्या विंडोजसाठी त्यानंतरही बराच काळ सांभाळली. इंटरनेट एक्सप्लोररला हातही लावू नका. चांगला ब्राउझर समोरचं दार सांभाळतो, खालची विंडोज मात्र जुनी ती जुनीच.

३. रोजच्या कामाला ॲडमिनिस्ट्रेटर खातं वापरू नका. साधं खातं बनवा. त्यातून शिरलेल्या चोराच्या हातात घराच्या सगळ्या किल्ल्या येत नाहीत.

४. फाइल शेअरिंग बंद ठेवा आणि नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ निवडा. वॉनाक्राय याच वाटेने आला होता. राउटरमध्ये गेस्ट वाय-फायची सोय असेल तर जुनं मशीन त्यावर ठेवा, म्हणजे त्याचं दुखणं घरातल्या बाकीच्यांना लागणार नाही.

५. पेन ड्राइव्ह सांभाळा. नेट काढलेल्या मशीनमध्येही रोग शिरतो तो यातूनच. झेरॉक्सच्या दुकानात लावलेला पेन ड्राइव्ह आधी चांगल्या मशीनवर तपासा, मगच जुन्यात लावा.

६. सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्र’ या वेबसाइटवर फुकट साधनं आहेत. हे केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालं. लपलेले घातक प्रोग्राम काढणारं साधन तिथे मिळतं. सी-डॅकचं ‘यूएसबी प्रतिरोध’ पेन ड्राइव्हवर लगाम ठेवतं, तर ‘ॲपसंविद’ ठरवून दिलेलेच प्रोग्राम चालू देतं. एटीएमसाठी रिझर्व्ह बँकेने सांगितलेली तीच पथ्यं घरच्यासाठी!

७. काम झालं की नेट काढा. रात्रभर चालू ठेवलेला जुना संगणक म्हणजे उघडं टाकलेलं मागचं दार.

मग पैशाची कामं कुठे?

बहुतेक घरांत याचं उत्तर खिशातच आहे. घरातला सगळ्यात नवा फोन हाच बऱ्याचदा घरातला सगळ्यात सुरक्षित संगणक असतो. भरवेलीच्या किंवा मलाजखंडच्या खाणीतून निवृत्त झालेल्या काकांना नोव्हेंबरमधला हयातीचा दाखलाही आता फोनवर चेहरा दाखवून देता येतो, त्यासाठी संगणक लागत नाही.

पण फोनही म्हातारा होतो. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ मध्ये जाऊन अँड्रॉइडच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल आणि नवीन अपडेट येतच नसेल, तर त्या फोनचाही कवेलू फेरणारा यायचा थांबला आहे. तो फोन नातवाला गाणी ऐकायला द्या आणि यूपीआय दुसऱ्या फोनवर घ्या.

आणि नव्या फोनलाही एक मोठा धोका आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, किसान योजनेची यादी, वीजबिल किंवा चालानच्या नावाने एखादी फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ लिहिलेलं असतं. ती पत्रिका नसते, ॲप असतं. ते बसलं की ओटीपीचे मेसेज परस्पर चोराकडे जातात. पत्रिका पाठवणारा सख्खा मामा असला तरी आधी फोन करून विचारा, "मामा, तुम्हीच पाठवलंत का?" कारण मामाचाच फोन आधी फसलेला असू शकतो.

तरीही घात झालाच तर

संगणक अचानक पैसे मागू लागला किंवा फायली उघडेनात, तर पहिलं काम म्हणजे नेटची वायर काढा, राउटर बंद करा. पैसे देऊ नका. दिले तरी फायली मिळतीलच असं नाही. काही प्रकारांच्या कुलपांच्या किल्ल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या पोलीस यंत्रणांनी मिळून चालवलेल्या उपक्रमात फुकट मिळतात.

खात्यातून पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या वेबसाइटवरही तक्रार होते. सोबत बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा प्रकरणात, बँकेकडून मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही. चार ते सात दिवस लागले तर काही मर्यादेपर्यंत भार येतो. पण ओटीपी किंवा पासवर्ड आपणच कुणाला दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून लाज वाटून गप्प बसू नका. "लोक काय म्हणतील, एवढे शिकलेले आणि फसले," या विचारात गेलेला एक दिवस फार महाग पडतो. घरातल्या मोठ्यांनाही हे आवर्जून सांगा. त्यांना रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत.

या महिन्यासाठी घरचा अभ्यास

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर तासभर काढा. घरातल्या प्रत्येक संगणकाची आणि फोनची एका वहीत नोंद करा. कोणती विंडोज, कोणतं अँड्रॉइड, शेवटचं अपडेट कधीचं. प्रत्येकापुढे लिहा की हा काय काम करणार आणि काय करणार नाही. जुन्यापुढे ‘बँक नाही’ असं ठळक लिहून त्याची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवा. आणि जो बदलायचा आहे त्याच्यापुढे तारीख टाका. तारीख नसली की ‘बघू पुढे’ म्हणता म्हणता वर्षं जातात, बँकांच्या एटीएमचीही गेली.

जुन्या वस्तू जपून वापरणं ही आपली चांगली सवय आहे. आजीचा पितळी डबा आपण टाकत नाही, पण त्यात दागिनेही ठेवत नाही. जुन्या संगणकालाही त्याचं योग्य काम द्या, तो आणखी चार वर्षं साथ देईल.

काही अडलं तर मंडळाच्या पत्त्यावर जरूर लिहा. लिहिताना विंडोजची आवृत्ती, मशीन साधारण कोणत्या सालचं आणि त्यावर कोणती कामं करता, एवढं कळवा, म्हणजे नेमकं उत्तर देता येईल. पासवर्ड मात्र कोणालाच लिहू नका, आम्हालाही नाही!

भेटू पुढच्या महिन्यात.